सरासरीपासून किती दूर? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) आणि प्रसामान्य वितरण (घंटेच्या आकाराचा वक्र, म्हणजे ‘बेल कर्व्ह’) या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. प्रमाण विचलन शिकवताना विद्यार्थी दोन शंका हमखास काढतात. विचलनांचे वर्ग करण्याऐवजी नुसती उणे चिन्हे काढून टाकली तर काय बिघडते? आणि कॅल्क्युलेटरवर प्रमाण विचलनाची दोन बटणे असतात व त्यांची उत्तरे वेगळी येतात, त्यांतले बरोबर कोणते? (बारामती)

उत्तर : पाच-पाच विद्यार्थ्यांचे दोन गट घेऊ. पहिल्या गटाचे गुण ५६, ५८, ६०, ६२, ६४ आणि दुसऱ्याचे २०, ४५, ६५, ८०, ९०. दोन्ही गटांची सरासरी ६०च आहे. पहिल्या गटातील विचलनांच्या, म्हणजे प्रत्येक गुणाच्या सरासरीपासूनच्या फरकांच्या, वर्गांची बेरीज ४० येते, तिला पाचने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन सुमारे २.८ मिळते. दुसऱ्या गटात वर्गांची बेरीज ३,१५० आणि प्रमाण विचलन सुमारे २५.१ आहे.

आता उणे चिन्हे काढून साधी सरासरी घेतली, तर अनुक्रमे २.४ आणि २२ ही उत्तरे येतात. यात काहीही चुकीचे नाही. त्या मापाला सरासरी विचलन म्हणतात आणि विद्यार्थ्यांनी ते सुचवले तर त्यांचे कौतुकच करावे. वर्ग पसंत केले जातात ते प्रामुख्याने बेरजेच्या सोयीसाठी. परस्परांवर अवलंबून नसलेल्या दोन राशींची बेरीज केली, तर बेरजेचे प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, त्या दोन राशींच्या प्रचरणांच्या बेरजेइतके असते. घरापासून स्टेशनापर्यंत लागणाऱ्या वेळाचे प्रमाण विचलन ३ मिनिटे आणि पुढच्या लोकलच्या प्रवासाचे ४ मिनिटे असेल, तर एकूण वेळाचे प्रमाण विचलन ७ नव्हे, तर ५ मिनिटे होते, कारण ९ आणि १६ मिळून २५ होतात. सरासरी विचलनाला असा सरळ नियम नाही, आणि पुढचे बहुतेक सर्व संख्याशास्त्र याच नियमावर उभे असल्यामुळे तो सोडून चालत नाही.

दोन बटणांपैकी एक विचलनांच्या वर्गांच्या बेरजेला एकूण संख्येने भागते आणि दुसरे संख्येतून एक वजा करून भागते. आपल्याला केवळ त्याच पाच विद्यार्थ्यांविषयी बोलायचे असेल, तर पाचने भागावे. ते पाच जण मोठ्या समूहातून निवडलेला नमुना असतील आणि त्यांच्यावरून त्या समूहाच्या विखुरण्याचा अंदाज करायचा असेल, तर चारने भागावे. कारण असे की, समूहाची खरी सरासरी आपल्याला ठाऊक नसते, म्हणून आपण नमुन्याचीच सरासरी वापरतो, आणि कोणत्याही नमुन्याच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज त्याच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजली असताच सर्वांत लहान येते. ही बेरीज नेमाने कमी भरते आणि एकने कमी भागल्याने ती तूट प्रचरणाच्या बाबतीत सरासरीने अचूक भरून निघते. नमुना पाचचा असेल तर दोन उत्तरांत सुमारे १२ टक्के अंतर पडते. शंभरचा असेल तर जेमतेम अर्धा टक्का, आणि मग कोणते बटण दाबले यावर वाद घालण्यात अर्थ राहत नाही.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ आहे. तिच्या हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी केली. मांडीच्या हाडाच्या मानेपुढे टी-स्कोअर उणे २.६ आणि झेड-स्कोअर उणे १.१ असे लिहिले आहे. एकाच हाडाचे दोन आकडे कसे? आणि दुसरा आकडा बरा दिसतो म्हणून निश्चिंत राहावे का? (ठाणे)

उत्तर : हाड एकच आहे, मोजलेली घनताही एकच आहे, बदलते ती तुलना. दोन्ही आकड्यांची रीत सारखी आहे. आईंच्या मापातून एखाद्या गटाची सरासरी वजा करायची आणि उत्तराला त्या गटाच्या प्रमाण विचलनाने भागायचे. टी-स्कोअरसाठी हा गट निरोगी तरुण स्त्रियांचा असतो, तर झेड-स्कोअरसाठी आईंच्याच वयाच्या स्त्रियांचा.

या हाडासाठी सर्वत्र वापरला जाणारा एक संदर्भगट अमेरिकेतील २० ते २९ वर्षांच्या गोऱ्या स्त्रियांचा आहे. एका प्रकारच्या यंत्रावर त्यांची सरासरी घनता दर चौरस सेंटीमीटरला ०.८५८ ग्रॅम आणि प्रमाण विचलन ०.१२० ग्रॅम आहे. उणे २.६ म्हणजे सरासरीच्या खाली ०.३१२ ग्रॅम, अर्थात सुमारे ०.५४६ ग्रॅम घनता. आईंच्या यंत्राचे संदर्भ आकडे वेगळे असू शकतात, आणि अहवालाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत संदर्भगट कोणता तो सहसा छापलेला असतो. तो अवश्य पाहावा, कारण गट बदलला की हाड तेच राहूनही आकडा बदलतो.

घनतेचे वितरण प्रसामान्य वितरणाच्या जवळ जाणारे आहे असे धरले, तर तरुण निरोगी स्त्रियांपैकी उणे २.६च्या खाली हजारात सुमारे पाच जणीच असतील. आईंच्या वयाच्या स्त्रियांत मात्र उणे १.१च्या खाली शंभरात साधारण १३ ते १४ जणी असतील. दुसरे वाक्य पहिल्याइतके गंभीर वाटत नाही, याचे कारण आईंचे हाड मजबूत आहे हे नसून, वयाबरोबर सर्वांचीच सरासरी खाली उतरलेली आहे हे आहे. समवयस्कांबरोबर खाली उतरल्याने हाड मोडण्याचा धोका कमी होत नाही. म्हणूनच रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेली अस्थिविरळतेची, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसची, सीमा टी-स्कोअरवर आहे, उणे २.५ किंवा त्याखाली. झेड-स्कोअर मुख्यतः तरुण वयातील तपासण्यांत आणि वयाखेरीज काही वेगळे कारण आहे का, हे शोधताना उपयोगी पडतो.

याच मोजणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उणे १ ते उणे २.५ या पट्ट्याला ऑस्टिओपेनिया असे नाव आहे. प्रसामान्य वितरणात सरासरीच्या एक प्रमाण विचलनापेक्षा अधिक खाली शंभरातील सुमारे १६ जण असतातच. म्हणजे ज्या निरोगी तरुणींवरून मोजपट्टी तयार झाली, त्यांच्यातील जवळजवळ सहावा हिस्सा त्या मोजपट्टीवर उण्याच्या रकान्यात जाऊन बसतो. त्या पट्ट्यातील आकड्याला आजार समजून घाबरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. उणे २.४ आणि उणे २.६ यांतील फरक ०.०२४ ग्रॅमचा आहे. दोन मोजण्यांत झोपण्याची स्थिती थोडी बदलली तरी तेवढा फरक पडू शकतो. उपचाराचा निर्णय वय, पूर्वीचे अस्थिभंग, इतर औषधे हे सर्व पाहून डॉक्टर घेतात आणि तो त्यांच्यावरच सोपवावा, पण आईंचा आकडा ‘वयाच्या मानाने ठीक’ म्हणून बाजूला ठेवण्याजोगा नाही.

प्रश्न : मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. दोन वर्षे पूर्ण झालेल्या एका मुलीचे वजन ८.८ किलो भरले आणि ती ‘कमी वजनाची’ म्हणून नोंदली गेली. मुलगी खेळती आहे, आईही लहानखुरी आहे. घरचे म्हणतात, पाड्यावरची सगळीच मुले अशी असतात, मग परदेशी मुलांच्या सरासरीशी तुलना का करता? आमच्याच मुलांची सरासरी काढून का पाहत नाही? (नंदुरबार जिल्हा)

उत्तर : घरच्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात संपत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ सालचे वाढीचे निकष ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांच्या पाहणीवर आधारलेले आहेत. भारतातील पाहणी दिल्लीत झाली. तेव्हा त्या सरासरीला सरसकट परदेशी म्हणता येणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या पाहणीत आईचे दूध मिळालेली, पुरेसे खाणारी, आरोग्यसेवा मिळणारी मुले मुद्दाम निवडली होती. मुले कशी वाढतात हे नोंदवण्यापेक्षा अनुकूल परिस्थितीत ती कशी वाढू शकतात हे दाखवणे, हा तिचा हेतू होता. सहाही ठिकाणच्या लहान मुलांची उंची एकमेकांशी फार जुळते, हे त्यात दिसून आले. पाड्याची स्वतःची सरासरी मोजपट्टी म्हणून घेतली, तर जिथे बहुतेक मुले अर्धपोटी आहेत तिथे अर्धपोटी असणे हेच प्रमाण ठरेल, आणि वजने जितकी घसरतील तितकी सीमाही त्यांच्या मागोमाग घसरत जाईल.

आता त्या मुलीकडे वळू. दोन वर्षांच्या मुलींचे मध्यक वजन, म्हणजे निम्म्या मुली ज्याच्या खाली आणि निम्म्या वर असतात ते, ११.५ किलो आणि उणे दोन प्रमाण विचलनाची रेषा ९ किलोवर आहे. मुलगी त्या रेषेच्या खाली आहे, उणे तीनच्या ८.१ किलोच्या रेषेपेक्षा मात्र बरीच वर आहे. संदर्भातील निरोगी मुलींपैकीही शंभरात दोन ते तीन जणी, नेमके सांगायचे तर २.३ टक्के, उणे दोनच्या खाली असतातच. ही मुलगी त्या दोन-तीन निरोगी मुलींपैकी एक असू शकते का? असू शकते. एका दिवसाच्या एका वजनावरून ते ठरत नाही. तिची उंची किती, उंचीच्या मानाने वजन किती, दंडघेर किती आणि मुख्य म्हणजे गेल्या काही महिन्यांत तिची रेषा वक्राला समांतर चालली आहे की खाली झुकते आहे, हे पाहिल्यावरच बोलता येईल.

एका मुलीविषयी जी शंका घेता येते, ती समूहाविषयी घेता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली, म्हणजे उणे दोनच्या रेषेखाली. निरोगी समूहात जिथे २.३ टक्के अपेक्षित, तिथे ३६.१! ‘आई लहानखुरी आहे’ हे स्पष्टीकरण थोड्या मुलांना लागू पडेल, परंतु इतक्या मुलांना नाही. शिवाय आई लहानखुरी का राहिली, हाही प्रश्न उरतोच.

आपल्याकडील तक्त्यात एक गोष्ट कदाचित खटकली असेल. दोन वर्षांच्या मुलींसाठी उणे दोनची रेषा मध्यकाच्या २.५ किलो खाली आहे, तर अधिक दोनची १४.८ किलोवर, म्हणजे ३.३ किलो वर. वजनाचे वितरण समतोल नसते, जास्त वजनाच्या बाजूला ते लांबते, आणि तक्ते करताना हा तिरपेपणा हिशेबात घेतलेला असतो. उंचीत तो जवळजवळ नसतो. त्याच वयाच्या मुलींसाठी ८०.०, ८६.४ आणि ९२.९ सेंटीमीटर अशा त्या तीन रेषा आहेत.

‘सरासरी वजा दोन प्रमाण विचलने’ या सीमेवरून महाराष्ट्रातील दोन विद्वानांत एक गाजलेला वाद झाला होता. १९७१ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याचा अभ्यास करताना दर माणशी दररोज २,२५० कॅलरी ही सीमा धरली. सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून त्यांनी काम केले होते. त्यांचा आक्षेप असा की, सरासरी गरज ही किमान गरज मानता येत नाही. निरोगी माणसांपैकी अर्धी माणसे त्या सरासरीच्या खाली असणारच, शिवाय एकाच माणसाची गरजही दिवसागणिक आणि आठवड्यागणिक बदलते. म्हणून कुपोषणाची सीमा सरासरी वजा दोन प्रमाण विचलने अशी धरावी. या सीमेने कुपोषितांची संख्या अर्थातच पुष्कळ कमी होत होती. दांडेकरांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी त्याला सविस्तर उत्तर दिले. वादाचे मर्म प्रमाण विचलन कोणाचे, यात आहे. एकाच माणसाच्या गरजेतील चढउतार मोठा असेल आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेत असेल, तर सुखात्मे यांचे म्हणणे टिकते. पण तो फरक प्रामुख्याने माणसामाणसांतला असेल, तर ज्याची गरज मुळात सरासरीहून जास्त आहे, तो खालच्या सीमेच्या वर असूनही उपाशी राहतो आणि हिशेबात मात्र येत नाही. माझ्या मते सुखात्मे यांचा आक्षेप तत्त्वतः बरोबर होता. त्यांनी सुचवलेली सीमा मात्र धोरणासाठी फार खाली होती. जुळवून घेण्याची किंमत शरीर कशातून चुकवते, याचा त्या गणितात हिशेब नव्हता.

प्रश्न : आमच्या कंपनीत वार्षिक मूल्यमापन ‘बेल कर्व्ह’प्रमाणे होते. आमचा संघ आठ जणांचा आहे, तरी कोणाला तरी एकाला तळाच्या दहा टक्क्यांत टाकावेच लागते. व्यवस्थापक म्हणतात, हा निसर्गाचाच नियम आहे. संख्याशास्त्र खरोखर असे सांगते का? (पुणे)

उत्तर : नाही. एखादी राशी अनेक लहान, परस्परांवर अवलंबून नसलेल्या कारणांची बेरीज असेल आणि त्यांतील एकही कारण इतरांना झाकोळून टाकण्याइतके मोठे नसेल, तेव्हा तिचे वितरण घंटेच्या आकाराकडे जाते. शंभर नाणी फेकली तर छापांची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन ५ असते, आणि पुन्हा पुन्हा फेकत राहिल्यास बहुतेक वेळा छापा ४० ते ६०च्या दरम्यान पडतात. १७३३ साली फ्रेंच गणितज्ञ द म्वाव्र यांना हा वक्र अशाच हिशेबातून सापडला. कंपनीतील माणसे मात्र अशी यादृच्छिक गोळा झालेली नसतात. मुलाखतींच्या चाळण्यांतून डावी बाजू आधीच बरीचशी कापली गेलेली असते, आणि ती कापण्यासाठीच तर भरती विभाग पगार घेतो.

तरीही व्यवस्थापकांचे गृहीतक क्षणभर मान्य करू. पूर्ण कंपनीत तळाचे दहा टक्के नेमके ओळखता येतात आणि ते संघांत यादृच्छिक विखुरलेले आहेत, असे समजा. आठ जणांच्या संघात त्यांतील एकही नसण्याची संभाव्यता ०.९चा आठवा घात, म्हणजे सुमारे ०.४३ येते. शंभरांतील ४३ संघांत तळाचे कोणीच नाही, ३८ संघांत एक जण आणि उरलेल्या सुमारे १९ संघांत दोन किंवा अधिक जण असतील. प्रत्येक संघातून एकेक नाव मागितले, की पहिल्या ४३ संघांत निरपराध माणूस सापडतो आणि शेवटच्या १९ संघांत तळाचा निदान एक जण सुटतो. म्हणजे त्यांचेच वितरण गृहीत धरूनही त्यांची पद्धत शंभरांतील ६२ संघांत चुकते. कोणाला किती पगारवाढ द्यायची हा कंपनीचा निर्णय आहे आणि तो तिने पैशाकडे बघून घ्यावा, त्यासाठी निसर्गाला साक्षीला बोलावण्याचे कारण नाही.

प्रश्न : देशाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असेल तरच हवामान विभाग त्याला सर्वसाधारण म्हणतो. पण जिल्ह्याच्या तक्त्यात उणे १८ टक्के पाऊसही सर्वसाधारण दाखवतात. हा दुजाभाव का? (लातूर)

उत्तर : दोन्ही ठिकाणचे प्रमाण विचलन वेगळे आहे म्हणून. जून ते सप्टेंबर या काळातील देशाच्या पावसाची १९७१ ते २०२० या वर्षांवरून काढलेली सरासरी ८७ सेंटीमीटर आहे आणि प्रमाण विचलन तिच्या सुमारे १० टक्के. एका भागात कमी पडलेला पाऊस दुसऱ्या भागातील जादा पावसाने काही अंशी भरून निघतो, म्हणून इतक्या मोठ्या प्रदेशाची सरासरी फारशी हलत नाही. ९६ ते १०४ हा पट्टा सरासरीच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या प्रमाण विचलनाहूनही कमी आहे आणि त्यात साधारण एक तृतीयांश वर्षे बसतात. ९० टक्क्यांच्या खालचा, तुटीचा पट्टा एक प्रमाण विचलन खाली सुरू होतो आणि त्यात शंभरातील सुमारे १६ वर्षे येतात. जिल्हा लहान, त्यामुळे तिथे ही भरपाई होत नाही आणि चढउतार मोठे राहतात. म्हणून उणे १९ ते अधिक १९ टक्के असा रुंद पट्टा ठेवला आहे. त्या पट्ट्यात असल्याने सोयाबीन वाचले असा अर्थ मात्र होत नाही, कारण चार महिन्यांच्या बेरजेत ऐन फुलोऱ्यातला तीन आठवड्यांचा खंड दिसत नाही.

हंगामाच्या बेरजेला प्रसामान्य वितरण बऱ्यापैकी लागू पडते, एका दिवसाच्या पावसाला अजिबात नाही. बरेच दिवस शून्याचे, शून्याखाली जाण्याची सोय नाही आणि वरच्या बाजूला लांबच लांब शेपूट, असे ते वितरण असते. २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३ मिलिमीटर. सांताक्रूझच्या दैनिक सरासरीपासून हा आकडा किती प्रमाण विचलने दूर आहे ते काढून प्रसामान्य वितरणाचा तक्ता उघडला, तर असा पाऊस पृथ्वीच्या आयुष्यात एकदाही पडणार नाही असे उत्तर मिळते. म्हणून नाले आणि पूल यांचे आराखडे करताना दरवर्षीच्या सर्वाधिक एकदिवसीय पावसाच्या नोंदी वेगळ्या काढतात आणि त्यांना टोकाच्या मूल्यांसाठी असलेली वेगळी वितरणे लावतात.